नेक आधी, रंग नंतर : वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात जुन्या बेस गिटारींचंच राज्य आहे. पत्रं लांबलचक होती, काटछाट करून छापतेय. पुढच्या वेळेसाठी एक विनंती. ‘बेस बिघडलीय, काय करू?’ एवढंच लिहून थांबू नका. कोणती तार, कोणता फ्रेट (नेकवरच्या, म्हणजे तारांखालच्या लांब दांड्यावरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्या), ॲम्पला लावून की न लावता, एवढं लिहिलंत तर निम्मं उत्तर तुमच्याच पत्रात सापडतं.

प्रश्न : ताई, पहिलीच बेस घेतोय, तीही वापरलेली. दोन बघून ठेवल्यात. एक दिसायला अगदी नवीकोरी, पण तारा खूप उंच वाटतात. दुसरीचा रंग जागोजागी उडालाय, मागे पट्ट्याच्या बकलचे ओरखडे आहेत, पण हाताला छान लागते. घरचे म्हणतात चकचकीत घे. बघायला जाईन तेव्हा नेमकं काय तपासू? – नवखा

उत्तर : घरच्यांना थोडं नाराज करायची तयारी ठेवा. रंग उडाल्याने बेसचं काही बिघडत नाही. पिकअप (तारांचा आवाज टिपणारं चुंबक), पॉट (नॉबखालचा भाग), जॅक, खुंट्या, ब्रिज (बॉडीवर तारा जिथे अडकतात तो भाग) हे सगळं बदलून मिळतं आणि बरंचसं घरी बसवताही येतं. पण नेक पिळवटलेली निघाली, तर दुरुस्तीचा खर्च बेसच्या किमतीपुढे जातो. म्हणून मी आधी नेक बघते. रंगाकडे माझं लक्ष बऱ्याचदा घरी आल्यावरच जातं.

हेडस्टॉककडून (नेकच्या खुंट्यांच्या टोकाकडून) एक डोळा मिटून नेकच्या कडेवरून ब्रिजकडे बघा, सुतार फळीची धार बघतो तसं. आधी जाड तारेकडची कड, मग बारीक तारेकडची. दोन्ही कडा सारख्याच किंचित वाकल्या असतील तर घाबरू नका, ते ट्रस रॉडचं (नेकच्या आतल्या, वाक कमी-जास्त करणाऱ्या सळईचं) काम आहे. एक कड सरळ आणि दुसरी वाकलेली दिसली, तर नेकला पीळ आहे. साधा ट्रस रॉड पुढचा-मागचा वाक काढतो, पीळ काढत नाही. अशी बेस कितीही स्वस्त मिळाली तरी तिथेच ठेवा.

मग बेस सुरात लावून घ्या आणि जाड ई तार एका हाताने पहिल्या फ्रेटवर, दुसऱ्या हाताने शेवटच्या फ्रेटवर दाबा. ताणलेली तार म्हणजे आयती सरळ पट्टी. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकत असेल तर ठीक. तीन-चार कार्डं मावत असतील तर नेक पुढे वाकली आहे, आणि तुमच्या चकचकीत बेसच्या उंच तारांचं कारण बहुधा हेच निघेल. ते एरवी पाव फेऱ्यात सुटतं. पण मालकाला समोरच ट्रस रॉड फिरवून दाखवायला सांगा. रॉड आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल, तो फिरवायचा नट जाम असेल किंवा त्याचे कोपरे झिजून गोल झाले असतील, तर पुढे बोलू नका. ‘हात लावू नका, सेटिंग बिघडेल’ असं मालक म्हणाला, तर काय समजायचं ते समजा.

आता बसा आणि प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट सावकाश वाजवा. चार तारा, वीस-एकवीस फ्रेट, म्हणजे ऐंशीवर स्वर. कंटाळवाणं आहे, पण हे टाळू नका. सर्वांत बारीक, म्हणजे ‘जी’ (G) तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटपाशी कान टवकारा. खूप बेसांवर तिथे एखादा मेलेला स्वर असतो : तार छेडल्यावर आवाज इतरांसारखाच उठतो, पण टिकत नाही, लगेच विझतो. नेक स्वतः त्या कंपनसंख्येला डोलते आणि तारेची ऊर्जा गिळते. तोच स्वर डी तारेवर पाच फ्रेट पुढे वाजवून तुलना करा, फरक लगेच कळेल. महागड्या बेसांतही हा दोष असतो आणि सेटअपने, म्हणजे नेक-तारा जुळवून, तो जात नाही. हेडस्टॉकला वजनदार क्लॅम्प लावला तर मेलेला स्वर इकडचा तिकडे सरकतो, इतकंच. थोडासा असेल तर मी चालवून घेते. ज्या स्वरावर तुमची निम्मी गाणी उभी आहेत तोच मेलेला असेल, तर मात्र घेऊ नका.

पहिल्या तीन-चार फ्रेटवर तारांखाली खाचा पडल्यात का तेही बघा. थोड्या असतील तर फ्रेट समतल करून घेता येतात. खोल असतील तर फ्रेट बदलावे लागतील, तो खर्च धरूनच भाव करा. हेडस्टॉकच्या मागे, नटच्या (नेकच्या टोकाशी तारांना आधार देणाऱ्या खाचांच्या पट्टीच्या) लगेच पाठीमागे नखाने चाचपा. हेडस्टॉक मागे कललेला असेल तर बेस पडल्यावर तडा हमखास तिथेच जातो. नीट चिकटवलेला तडा वर्षानुवर्षं टिकतो, पण ते विकणाऱ्याने आपणहून सांगायला हवं.

इलेक्ट्रिकल तपासणी शेवटी, आणि ती पाच मिनिटांत होते. इफेक्ट पेडल मध्ये न घालता थेट ॲम्पला लावा, प्रत्येक नॉब पूर्ण फिरवा, जॅकमधला प्लग हलवा. नॉब खरखरला तर ते साफ करायचं काम आहे. त्यावरून बेस नाकारू नका, भाव मात्र जरूर कमी करून मागा.

प्रश्न : एका बेसवर ‘१९५५ची मूळ प्रिसिजन’ अशी पाटी लावून मोठी किंमत सांगतायत. मागच्या आठवड्यात दुसऱ्याने ‘१९६६ची जॅझ’ दाखवली. दोन्ही फेंडर कंपनीची मॉडेलं. खरं-खोटं कसं ओळखू? – शंकेखोर

उत्तर : पहिली बेस कदाचित पत्रावरूनच निकालात निघेल. सोबतच्या फोटोत पिकअप दोन तुकड्यांत, पुढे-मागे सरकवलेला दिसतोय. फेंडरची प्रिसिजन १९५१ची, पण दोन तुकड्यांचा पिकअप तिला १९५७मध्ये मिळाला. त्याआधी एकच, सरळ, सिंगल कॉइल (एकाच तारगुंडाळीचा) पिकअप असायचा. म्हणजे एकतर साल खोटं आहे, नाहीतर बेसमध्ये पुढे कोणीतरी फेरफार केलाय. दोन्ही बाबतीत ‘मूळ’ची किंमत द्यायचं कारण नाही.

दुसरीचं साल निदान शक्य आहे, कारण जॅझ बेस १९६०पासून निघते. सीरियल नंबरवर एकट्यावर विसंबू नका, तो ज्या पत्र्यावर असतो तो पत्रा चार स्क्रूंनी निघतो आणि दुसऱ्या बेसवर बसतो. आतले पॉट बघायला मागा. अमेरिकी पॉटच्या पाठीवर आकडे ठोकलेले असतात : पहिले तीन बनवणाऱ्या कंपनीचे, मग साल, शेवटी आठवडा. १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल. १३७६६३३ असं दिसलं तर सीटीएसने १९६६च्या तेहतिसाव्या आठवड्यात केलेला पॉट. पण त्यावरून एवढंच कळतं की वायरिंग त्याआधीचं नाही. फेंडरने १९६६मध्ये पॉटचा मोठा साठा भरला होता आणि तो पुढची काही वर्षं पुरवला. त्यामुळे ‘६६’चे पॉट १९६८च्या बेसमध्येही निघतात, आणि विकणारे त्याचा फायदा उठवतात. नेक उघडून तिच्या टोकावरची तारीख, पॉट, वायरींच्या सोल्डरच्या जुन्या खुणा हे सगळं एकमेकांशी जुळलं तरच पुढची बोलणी. मालक नेक उघडू देत नसेल तर ती वाजवायची बेस म्हणून जेवढ्याची वाटते तेवढेच द्या.

प्रश्न : वापरलेली बेस घेतली. तारा उंच आहेत, पण ब्रिजचे सॅडल (तारांखालचे छोटे टेकू) आधीच तळाला टेकलेत. पहिल्या चार-पाच फ्रेटवर तार खरखरते. बाराव्या फ्रेटवर स्वर चढा लागतो. एकाने फ्रेट घासायला सांगितले, दुसऱ्याने पिकअप बदलायला. कुठून सुरू करू? – गोंधळलेली

उत्तर : दोघांनाही नम्रपणे नमस्कार करा. कानस हातात घेण्याआधी करण्यासारखं बरंच आहे. मात्र क्रम सोडू नका, कारण पुढची प्रत्येक गोष्ट आधीच्या गोष्टीवर अवलंबून आहे.

आधी तारा. पुढे ज्या जाडीच्या वाजवणार आहात त्याच आत्ता चढवा, बहुतेक जण ०.०४५ ते ०.१०५ इंचांचा संच वापरतात. तार कापण्याआधी जिथे कापायची त्याच्या अलीकडे काटकोनात वाकवा आणि मगच कापा, नाहीतर बाहेरचा वेढा आतल्या गाभ्यावरून सैल होतो आणि ती तार जन्मभर निर्जीव वाजते. खुंटीवर दोन-तीन वेढे, खाली उतरत जाणारे. मग पूर्ण सुरात लावा. ढिल्या तारांवर केलेला सेटअप फुकट जातो, कारण नेकला वाकवतो तो तारांचाच ताण.

दुसरं, नेक. तुमच्या पत्रात एक खूण स्पष्ट आहे : खरखर फक्त पहिल्या चार-पाच फ्रेटवर. तारा उंच असूनही तिथेच घासतायत, म्हणजे नेक फार सरळ आहे किंवा उलटी, मागे वाकली आहे. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, शेवटचा फ्रेट दाबा, सातव्या-आठव्यापाशी फीलर गेजने (पातळ पात्यांच्या मापाने) मोजा. ०.३ ते ०.३५ मिमी फट हवी. तुमची शून्याच्या आसपास निघेल. ट्रस रॉडचा नट घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा सैल करा, पुन्हा सुरात लावा, थोडा वेळ थांबा, पुन्हा मोजा. एका बैठकीत पाव-पाव करत अर्ध्या फेऱ्याच्या पुढे जाऊ नका. लाकूड दुसऱ्या दिवशीही थोडं हलतं.

इथे ॲलन कीबद्दल (नट फिरवायच्या षटकोनी चावीबद्दल) मी जरा कटकट करणार आहे. काही बेसचा नट इंचाच्या मापाचा, काहींचा मिलिमीटरचा. ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिमी. त्यात ५ची की जात नाही, मग माणूस ४.५ची घालतो, ती सैल बसते, जोर लावला की निसटते आणि कोपरे गोल करते. बरोबर मापाची की पूर्ण खोल घातल्यावर जराही डुगडुगत नाही. डुगडुगली तर फिरवू नका. बिघडलेले ट्रस रॉड माझ्याकडे येतात, त्यांचं मूळ बहुतेक वेळा याच अर्ध्या मिलिमीटरमध्ये असतं.

तिसरी, तारांची उंची. सतराव्या फ्रेटपाशी फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंत मोजा : जाड तारेला साधारण २.४ मिमी, बारीक तारेला २. जोरात वाजवत असाल तर थोडी जास्त ठेवा. आकडे सुरुवातीपुरते आहेत, शेवटी तुमचा हात ठरवेल. तुमचे सॅडल तळाला टेकूनही तारा उंच राहतात, याचा अर्थ नेकचा कोन चुकलाय. पूर्वी कोणीतरी नेक उघडून नीट न बसवल्याचीही शक्यता आहे. तारा सैल करा, चारही स्क्रू काढा आणि खाचेत जुना रंग, लाकडाचा भुगा, एखादा कागदाचा तुकडा अडकलाय का ते बघा. काही नसेल तर खाचेच्या ब्रिजकडच्या भागात पातळ पाचर घालायची, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. नेकचं टोक तेवढं उचललं जातं, हेडस्टॉक मागे झुकतो, आणि तारा खाली आल्यामुळे सॅडल पुन्हा वर घ्यावे लागतात, म्हणजे पुढच्या बदलाला जागा मिळते. पाचर पूर्ण रुंदीची आणि निमुळती मिळाली तर उत्तम. स्क्रू परत बसवताना आधी उलटे फिरवा, जुन्या आट्यांत ‘टक’ करून बसले की मगच आवळा. नाहीतर लाकडात नवे आटे पडतात आणि स्क्रूची पकड जाते.

इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं) यानंतर, आधी नाही. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता, बोट नुसतं टेकवून) वाजवा, मग तोच फ्रेट दाबून वाजवा आणि ट्यूनरवर बघा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे, म्हणजे नेकपासून लांब. उतरला असेल तर नेककडे. सरकवताना तार थोडी ढिली करा. उंची कमी झाली की तुमचा चढेपणा बराचसा आपोआप जाईल, कारण उंच तार दाबताना ताणली जाते आणि स्वर वर चढतो. हेच काम आधी केलं असतंत तर पुन्हा करावं लागलं असतं.

पिकअपची उंची सर्वांत शेवटी. शेवटचा फ्रेट दाबून चुंबकाच्या माथ्यापासून तारेपर्यंत जाड बाजूला ३ मिमी, बारीक बाजूला अडीच. जास्त जवळ नेलात तर चुंबक तारेलाच ओढतो आणि वरच्या फ्रेटवर सूर डळमळतो. पिकअप बदलायचा विचार यानंतर एक महिना वाजवून झाल्यावर करा.

एवढं करूनही एखाद्याच फ्रेटवर खरखर राहिली, तर तो फ्रेट उचललेला असेल. तेवढ्यापुरतं कारागिराकडे जा.

प्रश्न : ताई, माझी बेस ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणारी) आहे. कालपासून आवाज फाटतोय, जोरात वाजवलं की जास्तच. पिकअप जळला का? मी दहावीत आहे, बाबांना सांगायची भीती वाटतेय. – धाकटा

उत्तर : पिकअप असे जळत नाहीत रे. मागचं झाकण उघड, ९ व्होल्टची बॅटरी काढ, नवी घाल. बहुतेक ॲक्टिव्ह बेसमध्ये केबल जॅकमध्ये घातली की आतलं सर्किट चालू होतं, म्हणून वाजवून झाल्यावर केबल काढायची. ॲम्प बंद असला तरी केबल लावून ठेवलीस तर बॅटरी रात्रभर खर्च होत राहते. नव्या बॅटरीनेही फाटलं तर पुन्हा लिही. बाबांना सांगून टाक, फक्त बॅटरी मागायचीय.

प्रश्न : जुन्या जॅझ बेसमधून गुणगुण येते. तारांना हात लावला की कमी होते. एकच पिकअप ठेवला की वाढते. – त्रस्त

उत्तर : तुम्ही वर्णन केलंत ती सुदृढ जॅझ बेस आहे. तिचे दोन्ही पिकअप सिंगल कॉइल. जोडी एकमेकांच्या उलट गुंडाळलेली असेल तर दोन्ही पूर्ण उघडल्यावर गुणगुण एकमेकांत खोडली जाते, एक कमी केला की परत येते. हात लावल्यावर कमी होते, म्हणजे ब्रिजची अर्थिंगची तार शाबूत आहे. फार त्रास होत असेल तर आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी चिकटवून ती अर्थला जोडा.

उलट घडलं, म्हणजे हात लावल्यावर गुणगुण वाढली, तर जॅकवरच्या दोन तारांची अदलाबदल झालीय का ते बघा. आणि तारांना किंवा माइकला हात लावताना कधी झिणझिण्या आल्या, तर बेस बाजूला ठेवा आणि मुख्य स्विच बंद करा. तो दोष ॲम्पच्या किंवा भिंतीतल्या अर्थिंगचा असतो, आणि तो इलेक्ट्रिशियनने बघायचा. त्यावर वाजवत राहू नका.

प्रश्न : ट्यूब असलेला जुना बेस ॲम्प मिळतोय, डोकं (ॲम्प) आणि कॅबिनेट (स्पीकरची पेटी) वेगवेगळे. मालकाकडे कॅबिनेट नाही, तो म्हणतो नुसतं चालू करून बघा, ट्यूब पेटतात. – ट्यूबप्रेमी

उत्तर : नुसतं चालू करू नका, आणि त्यालाही करू देऊ नका. ट्यूब ॲम्पला स्पीकरचा भार लागतोच. भाराशिवाय त्यात आवाज सोडला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि ॲम्पमधला सगळ्यांत महाग भाग बऱ्याचदा तोच असतो. ट्यूब पेटतात म्हणजे फिलामेंट तापतं, बाकी काही सिद्ध होत नाही. कॅबिनेट घेऊन जा. ॲम्पच्या मागे लिहिलेल्या ओहमच्या आकड्याशी जुळणारं घ्या : आठ ओहमची दोन समांतर जोडली की चार ओहम होतात, चारची दोन जोडली की दोन. जोडायला स्पीकरचीच केबल वापरा. गिटारची केबल दिसायला तशीच, पण आतली तार बारीक असते आणि तापते. ॲम्प कोणत्या व्होल्टेजचा आहे, ११०-१२० की २२०-२४०, हे मागच्या पाटीवर वाचल्याशिवाय प्लग घालू नका.

कॅबिनेटही वापरलेलं घेत असाल तर स्पीकरच्या पडद्यावर दोन्ही बाजूंना बोटं ठेवून अलगद आत दाबा. मुकाट्याने आत-बाहेर झाला तर बरा. घासल्याचा आवाज आला तर कॉइल वाकडी झालीय.

आतलं मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट बराच वेळ राहतात आणि त्यांनी जीव जाऊ शकतो. बेसच्या आत काय करायचं ते मी आनंदाने सांगते, ट्यूब ॲम्पच्या आतलं पत्रातून सांगणार नाही.

प्रश्न : जुन्या तारा पाण्यात उकळून पुन्हा चालतात का? – काटकसरी

उत्तर : चालतात, थोडे दिवस. वेढ्यांत अडकलेला घाम-मळ निघतो आणि खणखणीतपणा परत येतो. पण झिजलेली तार उकळून नवी होत नाही, इंटोनेशनला ती दगा देतेच. आणि सगळ्यांना खणखणीत हवंच असतं असंही नाही. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जॅमरसन आपल्या १९६२च्या प्रिसिजनवर जाड फ्लॅटवाउंड (सपाट वेढ्याच्या) तारा लावायचा आणि तुटेपर्यंत बदलायचा नाही. त्या आवाजाच्या मागे आजही लोक धावतात. फ्लॅटवाउंड लावणार असाल तर त्यांचा ताण बऱ्याचदा जास्त असतो, तेव्हा वरच्या उत्तरातला नेकचा भाग पुन्हा वाचा.

प्रश्न : हात लहान आहेत. ३४ इंची (तारेची वाजणारी लांबी) बेसवर पहिल्या चार फ्रेटवर बोटं पुरत नाहीत. शॉर्ट स्केल (आखूड तारेची) घेतली तर लोक खेळणं म्हणतील का? – बोटं आखूड

उत्तर : म्हणू देत. फेंडर मस्टँग बेस १९६६ची, ३० इंची, आणि ती वाजवून लोकांनी आयुष्यं काढली आहेत. व्हायोलिनच्या आकाराची हॉफनरही ३० इंचीच. तार आखूड आणि ढिली असल्यामुळे ई तार थोडी मऊ, गोल वाजते, ते आवडतंय का हे घेण्याआधी ऐका. हलकी बॉडी आणि जड हेडस्टॉक अशी जोडी असेल तर उभं राहून पट्टा लावा आणि हात सोडा. हेडस्टॉक जमिनीकडे गेला तर तो प्रत्येक कार्यक्रमात जाईल. बाकी तपासणी पहिल्या उत्तराप्रमाणेच. फक्त तारा घेताना पाकिटावर शॉर्ट स्केल लिहिलंय ते बघून घ्या. लांब संच कापून चढवला तर जाड वेढ्याचा भाग खुंटीवर येतो, तो तिथे नीट वाकत नाही आणि वेढा सुटायची भीती राहते.